कोपरा मॅडमचे दोन वॉर्ड

कोपरा मॅडम हे नाव त्यांना पोरींनी दिलं होतं, आणि ते त्यांना ठाऊक होतं. नर्सिंग कॉलेजात नव्या मुली आल्या की पहिल्याच आठवड्यात मॅडम त्यांना पेशंटचा पलंग लावायला शिकवत. चादर गादीच्या टोकाला कशी दुमडायची, तिचा त्रिकोण कसा धरायचा, तो गादीखाली कसा सरकवायचा, हे स्वतः करून दाखवायच्या आणि मग एकेका पलंगाशी थांबून कोपरा चिमटीत धरून ओढून बघायच्या. सुटला की सगळी चादर काढायची आणि पहिल्यापासून सुरुवात. रडकुंडीला आलेली एक मुलगी एकदा हॉस्टेलच्या जिन्यात ओरडली, "कोपरा मॅडम आल्या, पळा!" मॅडम नेमक्या तिच्या मागेच होत्या. "पळताना कठडा धरायचा," एवढंच म्हणाल्या आणि खाली उतरून गेल्या. पोरींना हे पुढचे दोन महिने पुरलं.

मूळच्या त्या वॉर्डातल्या नर्स. बरीच वर्षं रात्रपाळ्या केल्या. मुलगी लहान असताना तिला शाळेत आपल्या घराचं चित्र काढायला सांगितलं, तर तिने बाबांना स्वयंपाकघरात काढलं आणि आईला पांघरूण घेऊन झोपलेली. वर्गातल्या बाईंनी विचारलं, आई आजारी आहे का? त्यानंतर मॅडमनी वरची पदवी घेतली आणि शिकवायला लागल्या. वॉर्डातल्या मैत्रिणी म्हणाल्या, "मजा आहे बाई तुझी. खुर्चीत बसायचं, फळ्यावर लिहायचं, संध्याकाळी घरी." मॅडमनाही मनातून तसंच वाटलं होतं.

खुर्चीशी त्यांची गाठ दुपारपर्यंत पडत नसे. सकाळी मुलींना घेऊन हॉस्पिटलच्या वॉर्डात जायचं, दुपारी कॉलेजात तास घ्यायचे, तास संपले की पेपर, हजेऱ्या, हॉस्टेलची भांडणं, पालकांचे फोन. हॉस्पिटलवाल्यांच्या लेखी त्या कॉलेजच्या पाहुण्या, तेही पोरंबाळं घेऊन आलेल्या. कॉलेजवाल्यांना वाटायचं की सकाळभर या हॉस्पिटलात फिरून येतात. पण सगळ्यात अवघड गोष्ट वेगळीच होती आणि ती बाहेरच्या कुणाला सांगून कळली नसती. ज्या कामाला आपल्या हाताला क्षणभर लागतो, ते काम नवखी मुलगी चाचपडत करत असताना स्वतःचे हात पाठीमागे बांधून उभं राहायचं. पेशंटकडे बघून हसायचं. मुलीकडे बघून मान डोलवायची. आणि सुई चुकीच्या कोनात वळली की आवाज न चढवता म्हणायचं, "थोडं थांब. आता पुन्हा बघ." हे त्यांना उत्तम जमायचं. संध्याकाळी घरी आल्यावर मात्र जबडा दुखायचा.

मॅडमचे यजमान मोटार शिकवायचे. डोक्यावर लाल पाटी लावलेल्या छोट्या गाडीतून दिवसभर गावभर फिरायचं आणि नव्या माणसांना क्लच सोडायला शिकवायचं, हा त्यांचा धंदा. ते मॅडमना म्हणायचे, "अगं, आपण दोघं एकाच जातीचे. पण माझ्या पायाखाली जादा ब्रेक आहे. समोर म्हैस आली तर मी दाबतो. तू काय दाबतेस?"

"दात," मॅडम म्हणायच्या.

खरंच होतं ते. दातांच्या डॉक्टरने आरशात दाखवलं होतं, मागच्या दाढा घासून सपाट झाल्या होत्या. "झोपेत दात खाता का?" असं त्याने विचारलं. मॅडम म्हणाल्या, "झोपले तर खात असेन."

तोवर सगळं निभत होतं. खरी अडचण झाली ती शेजारच्या टेबलावरच्या ट्यूटर बाई गेल्या तेव्हा. त्या आणि मॅडम मिळून सकाळचे वॉर्ड सांभाळायच्या. एकीकडे पहिल्या मजल्यावरचा पुरुषांचा सर्जरीचा वॉर्ड, दुसरीकडे तिसऱ्या मजल्यावरचा बायकांचा मेडिसिनचा. ट्यूटर बाईंना दुसरीकडे बरी नोकरी लागली, आणि त्यांच्या जागी माणूस येईल येईल म्हणता कुणी आलं नाही. एक नवे सर आले खरे, पण ते नुकतेच पास झालेले, त्यांना पहिल्या वर्षाच्या वर्गावर घातलं. वॉर्ड दोन्ही मॅडमच्या गळ्यात पडले.

"थोडे दिवस सांभाळून घ्या," प्राचार्या म्हणाल्या. "कॉलेजच्या मान्यतेची तपासणी तोंडावर आहे. माझ्यासमोर तरी दुसरा मार्ग नाही."

"एकाच वेळी दोन मजल्यांवर कशी असणार मी?"

"तुम्ही अनुभवी आहात."

यावर काय बोलणार? मॅडम जिने चढायला लागल्या. लिफ्ट पेशंटच्या स्ट्रेचरसाठी होती आणि तिची वाट बघण्यापेक्षा पाय बरे. खाली ड्रेसिंग चालू असताना वर कुणीतरी कॅथेटर घालायला थांबलेलं असायचं. वर पोचलं की खालून पोरगी धापा टाकत यायची, "मॅडम, डॉक्टर ओरडताहेत, ट्रे कुणी हलवला म्हणून." दोन्ही मजल्यांच्या मध्ये जिन्यात एक खिडकी होती, तिथे त्या क्षणभर थांबायच्या, खिशातली डोकेदुखीची गोळी पाण्याशिवाय गिळायच्या आणि पुढे निघायच्या.

घरी त्याचे पडसाद उमटायला लागलेच. यजमानांनी हात धुतले की त्या नळापाशी उभ्या राहून बघायच्या. मुलगी आता कॉलेजात जाणारी होती, तिने एकदा भाजी चिरताना बोट कापून घेतलं. मॅडमनी पट्टी बांधली आणि लगेच विचारलं, "सुरी कशी धरली होतीस? दाखव."

"आई, मी तुझी स्टुडंट नाहीये."

"मी कुठे म्हटलं तसं?"

"म्हणत नाहीस. मार्क देतेस." मुलगी बोट धरून आपल्या खोलीत निघून गेली. यजमानांनी राहिलेली भाजी चिरली.

मग ती सकाळ आली.

मॅडम पहिल्या मजल्यावर होत्या. पोटाचं ऑपरेशन झालेल्या एका आजोबांची जखम उघडली होती आणि दोन मुली गोठल्यासारख्या उभ्या होत्या. त्यांना सोडून हलणं शक्य नव्हतं. वर तिसऱ्या मजल्यावर त्यांची एक उंच विद्यार्थिनी होती. दारातून जाताना आपोआप मान वाकवायची सवय लागलेली, कामाला चोख, बोलायला कमी. त्या वॉर्डात एका बाईला नाश्त्याआधी इन्सुलिन द्यायचं होतं. मॅडमशिवाय मुलींनी इंजेक्शन द्यायचं नाही हा नियम. पण नाश्त्याची गाडी दारात आलेली, वॉर्डातली नर्स एका अत्यवस्थ पेशंटमध्ये अडकलेली. तिथूनच ती म्हणाली, "अगं, भरून देऊन टाक ना. रोज बघतेस की." मुलीने औषध बरोबर भरलं. पलंगाचा नंबर बघितला. नाव विचारलं नाही. आणि दिलं.

झालं होतं असं की पहाटे त्या पलंगावरच्या बाईला खिडकीतून वारा लागत होता, आणि शेजारच्या बाईला उकडत होतं. दोघींनी आपापसात ठरवून पलंग बदलले होते. कुणाला सांगितलं नव्हतं, सांगण्यासारखं त्यात काही आहे असं त्यांना वाटलंही नव्हतं.

थोड्या वेळाने इन्सुलिनवाल्या बाईने विचारलं, "माझं इंजेक्शन राहिलं का गं आज?" आणि उंच मुलीच्या हातातला ट्रे खाली पडला.

तिसऱ्या मजल्याच्या सिस्टर, म्हणजे त्या वॉर्डाच्या प्रमुख, मॅडमच्याच वर्गातल्या. दोघी एका हॉस्टेलात राहिलेल्या. त्यांनी आवाज न करता सगळं हाताखाली घेतलं. ज्या बाईला चुकून इंजेक्शन गेलं तिला साखरेचं पाणी पाजलं, ग्लुकोजची सलाईन लावली, डॉक्टरांना बोलावलं, बोटातून रक्त घेऊन साखर पुन्हा पुन्हा तपासली. बाईला जरा घाम फुटला, थरथर झाली, ती निवळली. संध्याकाळपर्यंत ती उठून बसली होती आणि एवढे लोक आपल्याभोवती का जमलेत म्हणून थोडी खूषही होती.

मॅडम वर आल्या तेव्हा धोका टळला होता. त्यांनी आधी पेशंटची नाडी बघितली. मग वळल्या. उंच मुलगी भिंतीला टेकून उभी होती. आणि मॅडम, ज्यांनी इतक्या वर्षांत वॉर्डात कधी आवाज चढवला नव्हता, त्या ओरडल्या. काय ओरडल्या ते त्यांना नंतर धड आठवत नव्हतं, पण वॉर्डातल्या सगळ्यांना आठवत होतं. "माणूस मारशील एक दिवस!" हे शेवटचं वाक्य. ते ऐकून चुकून इंजेक्शन घेतलेली बाईच पलंगावरून म्हणाली, "अहो, नका हो तिला बोलू. मला काही झालं नाही."

सिस्टरनी मॅडमना दंडाला धरून बाहेर नेलं. "अगं, काय हे? सगळा वॉर्ड बघतोय."

"मी खाली होते."

"मला माहितीय तू खाली होतीस."

"मी खाली होते," मॅडम पुन्हा म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी मीटिंग झाली. मेट्रन होत्या, डॉक्टर होते, प्राचार्या होत्या. सगळ्यांनी मॅडमना विचारलं की विद्यार्थिनी इंजेक्शन देत असताना तुम्ही कुठे होतात. त्या म्हणाल्या, पहिल्या मजल्यावर. कुणीतरी विचारलं, तिथे का? मॅडमनी प्राचार्यांकडे बघितलं. प्राचार्या समोरच्या पेल्यातलं पाणी बघत होत्या. मॅडम काही बोलल्या नाहीत. त्यांना लेखी समज मिळाली आणि उंच मुलीला पंधरवडाभर वॉर्डात यायची बंदी झाली.

मॅडमचं काम थांबलं नाही. जिने तेच, वॉर्ड तेच. पण आता त्यांना मुलींवर भरवसा ठेवता येईना. जी गोष्ट मुली रोज करायच्या तीही त्या स्वतः करायला लागल्या. मुली मागे उभ्या राहून बघायच्या. सिस्टर एकदा म्हणाल्या, "तू शिकवतेस की ड्यूटी करतेस?" मॅडमना राग आला, कारण ड्यूटी करताना त्यांना बरं वाटत होतं.

डबा खायला त्या स्टाफरूममध्ये जाईनाशा झाल्या. तिथे बोलणं त्याच विषयावर यायचं. त्याऐवजी दुपारच्या सुट्टीत त्या कॉलेजच्या डेमो रूममध्ये जाऊन बसायच्या. मोठी खोली, ओळीने पलंग, पलंगांवर रबराच्या डमी, कोपऱ्यात हाडांचा सांगाडा, त्याच्या बोटात कुणीतरी अडकवलेली केसांची रबरं. तिथे शांत असायचं. मॅडम डबा खायच्या आणि मग एखादा पलंग मोडून पुन्हा लावायच्या. चादर झटकायची, पसरायची, मधली घडी बरोबर गादीच्या मधोमध आणायची, कोपरे बसवायचे. या कामात कुणाचा जीव जात नव्हता. ते पूर्ण झालं की पूर्ण झालेलं दिसत होतं. दिवसभरात असं दुसरं काही त्यांच्या वाट्याला येत नव्हतं.

एका दुपारी त्यांनी पलंग लावायला म्हणून डमी उचलून शेजारच्या पलंगावर ठेवली. चादर बदलली. उशी थोपटली. आणि कोपरा ओढून बघण्याऐवजी त्या पलंगावर बसल्या. मग जरा पाठ टेकली. बुटांची चादरीला घाण लागेल म्हणून ते काढले. पंखा गरगरत होता, म्हणून वरची चादर ओढून घेतली, अगदी डोक्यावरून.

नव्या सरांचा त्या दुपारी नाडी आणि श्वास मोजण्याचा तास होता. ते पहिल्या वर्षाच्या मुलींना घेऊन डेमो रूममध्ये आले. "एकेकीने एकेक पलंग घ्या," त्यांनी सांगितलं. "डमीला नाडी नसते हे मला माहीत आहे, हसू नका. बोटं कुठे ठेवायची तेवढं दाखवायचं. मनगट, अंगठ्याच्या बाजूला, तीन बोटं."

एक गोलमटोल मुलगी दुसऱ्या पलंगाशी गेली. तिने चादरीच्या कडेने हात बाहेर काढला, तीन बोटं ठेवली आणि मान तिरकी करून घड्याळाकडे बघू लागली. मग तिचा चेहरा बदलला.

"सर."

"काय?"

"सर, हिची नाडी लागतेय."

"ती तुझी स्वतःची लागते. अंगठा टेकवला असशील. अंगठ्याने मोजायचं नाही."

"नाही सर, तीनच बोटं आहेत. आणि सर, हात गरम आहे."

सर आले. त्यांनी चादर थोडी खाली केली. मग ती तशीच हळूच पुन्हा वर केली. मागे वळून त्यांनी ओठांवर बोट ठेवलं आणि सगळ्या वर्गाला हातानेच बाहेर जायची खूण केली. मुली तोंडावर ओढण्या दाबत, एकमेकींना ढकलत बाहेर पडल्या. शेवटची बाहेर पडताना सांगाड्याला धक्का लागला, तो खडखडला, तरी मॅडम उठल्या नाहीत. सरांनी दाराला बाहेरून कडी लावली नाही, फक्त ते ओढून घेतलं आणि तास व्हरांड्यात घेतला. मुलींनी एकमेकींच्या नाड्या मोजल्या. हसून हसून सगळ्यांच्याच जोरात होत्या.

मॅडम उठल्या तेव्हा कॉलेज सुटलं होतं. त्यांना आधी कळेना आपण कुठे आहोत. शेजारी डमी छताकडे बघत पडली होती. त्यांनी बूट घातले, चादर नीट केली आणि बाहेर आल्या, तर शिपाई मावशी दाराशी स्टुलावर बसलेल्या. "सरांनी सांगितलं, कुणाला आत सोडू नका," मावशी म्हणाल्या. "झोप झाली का बाई?"

घरी येऊन मॅडमनी सगळं सांगितलं. आधी यजमान हसले. मुलगी इतकी हसली की तिला ठसका लागला. मग मॅडमही हसायला लागल्या आणि हसता हसता त्यांना रडू कोसळलं, आणि ते काही केल्या थांबेना. यजमान उठून त्यांच्या खुर्चीमागे उभे राहिले. मुलीने पाणी आणलं. इन्सुलिनची गोष्ट घरात तोवर कुणालाच माहीत नव्हती. ती त्या दिवशी कळली.

"तू त्या मीटिंगमध्ये बोलली का नाहीस?" यजमानांनी विचारलं.

"चूक माझ्याच विद्यार्थिनीची होती हो."

"असू दे. माझा शिकाऊ माणूस गाडी ठोकतो तेव्हा मी शेजारच्या सीटवर असतो. तुला दुसऱ्या गाडीत बसवलं होतं आणि विचारतात काय, तू कुठे होतीस?"

दुसऱ्या दिवशी सकाळी वॉर्डात जाण्याआधी मॅडम हॉस्टेलात गेल्या. उंच मुलगी आपल्या खाटेवर बसून कपडे पिशवीत भरत होती. वडील न्यायला येणार होते. ते शिंपीकाम करायचे, आणि त्यांनी फोनवर सांगितलं होतं की मशीन मोकळं आहे, इकडेच ये. मॅडम समोरच्या खाटेवर बसल्या. पोरीने उभं राहायला सुरुवात केली, त्यांनी हाताने बसवलं.

"हे बघ," त्या म्हणाल्या, "नाव न विचारता तू औषध दिलंस, ती चूक तुझी. ती मी माफ करणार नाही आणि तूही करू नकोस. पण सगळ्यांच्या देखत मी तुझ्यावर ओरडले, ती चूक माझी. दोन्ही वेगळ्या गोष्टी आहेत. माझ्या गोष्टीबद्दल मला वाईट वाटतंय, ते सांगायला आले."

मुलीने हातातली ओढणी घडी करून पिशवीत ठेवली. मग म्हणाली, "मॅडम, मी जिन्यापर्यंत आले होते. तुम्हाला बोलवायला. मग वाटलं, परवाही बोलावलं होतं तेव्हा तुम्ही किती दमलेल्या दिसत होतात. म्हणून परत फिरले."

मॅडम उठल्या, तिच्या पिशवीतला वर आलेला पांढरा युनिफॉर्म काढून खाटेवर ठेवला आणि म्हणाल्या, "वडील आले की मला भेटायला सांग. तू जाणार असशील तर जा. पण घाबरून जाऊ नकोस."

तिथून त्या थेट प्राचार्यांच्या खोलीत गेल्या. प्राचार्यांना डेमो रूमची बातमी अर्थातच कळली होती. मॅडमना वाटलं, आता त्यावरून चंपी होणार. प्राचार्यांनी दार लावायला सांगितलं आणि विचारलं, "चांगली लागली का झोप?"

"लागली."

"मला हेवा वाटला तुमचा, खरं सांगते." त्यांनी टेबलाचा खण उघडून दाखवला. आत ब्लडप्रेशरच्या, पित्ताच्या, झोपेच्या गोळ्यांची पाकिटं होती. "या घेऊनही येत नाही मला. रोज वरून विचारतात, तपासणीची तयारी कुठवर आली. माणूस मागितला की म्हणतात, बघू."

मॅडमनी गोळ्या बघितल्या. त्यांना प्राचार्यांची दया आली, पण त्या ज्यासाठी आल्या होत्या ते विसरल्या नाहीत. "उद्यापासून मी एकच वॉर्ड घेणार. सगळ्या मुली माझ्याबरोबर तिसऱ्या मजल्यावर. जिथे मी आहे तिथे त्या. पहिल्या मजल्यावर मुली जाणार नाहीत."

"हॉस्पिटलवाले ऐकायचे नाहीत."

"न ऐकू देत. त्यांना सांगा, मॅडम हट्टाला पेटल्यात."

"आणि मी नाही म्हटलं तर?"

"तर मी वॉर्डात परत जाते. रात्रपाळी मला येते." हे बोलताना मॅडमना स्वतःचंच आश्चर्य वाटलं. धमकी म्हणून आणलेलं वाक्य होतं, पण तोंडातून निघाल्यावर ते खरं वाटलं.

प्राचार्यांनी होय म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. एवढं मॅडमना पुरलं.

तिसऱ्या मजल्यावर मुलींची जत्रा झाली. एका पलंगाला तिघी. सिस्टर कपाळाला हात लावून म्हणाल्या, "अगं, पेशंटपेक्षा नर्सा जास्त झाल्या. एक बाई विचारत होती, मी मरायला टेकलेय का म्हणून." पण मॅडम तिथेच असायच्या. मुलगी सुई हातात घेई तेव्हा त्या तिच्या खांद्याशी उभ्या असत, हात पाठीमागे. नाव विचारायचं, उत्तर ऐकायचं, मनगटावरची पट्टी बघायची, मग औषध. त्या कंटाळा येईपर्यंत हेच करून घ्यायच्या.

पहिल्या मजल्यावर काय झालं ते मजेशीर होतं. मुली नाहीत म्हटल्यावर तिथे पलंग कोण लावणार, पेशंटना आंघोळ कोण घालणार, ताप कोण मोजणार, पेशंटना एक्स-रेच्या फोटोसाठी ढकलत कोण नेणार, हे सगळं एकदम उघडं पडलं. शिकायला येणाऱ्या मुलींच्या जिवावर अर्धा वॉर्ड चालत होता. डॉक्टरांनी मेट्रनकडे तक्रार केली. मेट्रननी वर कळवलं. मॅडमनी आणि प्राचार्यांनी इतके महिने माणूस मागितला तेव्हा जे झालं नव्हतं, ते हॉस्पिटलचे पलंग लागेनात म्हटल्यावर लगेच झालं. कंत्राटावर का होईना, दुसऱ्या एक ट्यूटर बाई आल्या. त्यांनी पहिला मजला घेतला.

मॅडमना याचा आनंद झाला आणि रागही आला. "म्हणजे आमची पोरं शिकली नाहीत तरी चालत होतं," त्या सिस्टरना म्हणाल्या. "चादरी मळल्या तेव्हा जाग आली."

"तू जिंकलीस ना? मग गप्प बस," सिस्टर म्हणाल्या.

उंच मुलीचे वडील आले, मॅडमना भेटले, मुलीशी बागेत बसून बोलले आणि एकटेच परत गेले. बंदी संपल्यावर ती वॉर्डात आली. मॅडमनी तिला सगळ्यात आधी त्याच कामावर घातलं. तिने इन्सुलिन भरलं, पलंगाशी गेली आणि विचारलं, "आजी, तुमचं नाव सांगा." आजी म्हणाल्या, "काल तर त्या दुसरीने विचारलं." मुलगी म्हणाली, "उद्यापण विचारणार." मॅडमनी वाकून बघितलं. सुईचा कोन बरोबर होता.

तपासणी झाली. लोक आले, फिरले, डेमो रूम छान आहे म्हणाले आणि गेले. त्यानंतर थोड्याच दिवसांनी प्राचार्यांनी मॅडमना बोलावून उपप्राचार्या व्हाल का असं विचारलं. पगार जरा बरा, स्वतःची खोली, वॉर्डात जायची गरज नाही. मॅडम म्हणाल्या, घरी विचारून सांगते. घरी विचारलं तेव्हा यजमान म्हणाले, "घे की." मुलगी म्हणाली, "नको. तू आम्हाला मेमो देशील." मॅडमनी दोघांचंही ऐकून घेतलं आणि दोन दिवस विचार केला. मग त्यांनी प्राचार्यांना नाही म्हणून सांगितलं. कारण विचारल्यावर म्हणाल्या, "तुमचा खण मी बघितलाय."

प्राचार्या हसल्या. पुढच्या वर्षी त्यांनी स्वतःच लवकर निवृत्ती घेतली.

मॅडम अजून शिकवतात. डोकं अजून दुखतं, पण रोज नाही. दातांच्या डॉक्टरने रात्री दाढांवर बसवायला पारदर्शक साचा दिलाय. तो त्या कधी घालतात, कधी विसरतात. कंत्राटावरच्या ट्यूटर बाईंचं कंत्राट दरवर्षी संपायला येतं आणि दरवर्षी ते वाढवून घ्यायला मॅडमना कुणाच्या तरी दारात जाऊन उभं राहावं लागतं. आता त्या एकट्या जात नाहीत. नवे सर आणि सिस्टरही बरोबर असतात. तिघं बाकावर बसून वाट बघतात, आणि आतून बोलावणं येईपर्यंत सर दोघींना मोबाइलवर आपल्या तान्ह्या मुलाचे फोटो दाखवतात.